लिनक्स डेस्कटॉपवरील बहुपडदा-मांडणी : अधिकार आणि स्मृती यांचा इतिहास (१९८४ ते २०२५)

प्रास्ताविक

संगणकाच्या इतिहासलेखनात प्रक्रियकाचा वेग, साठवणक्षमता, प्रोग्रामिंगच्या भाषा आणि जाळ्यांचा विस्तार या विषयांना सामान्यतः अग्रस्थान दिले जाते. एकाच संगणकाला जोडलेल्या दोन किंवा अधिक पडद्यांची मांडणी कशी बदलते, हा प्रश्न त्या मानाने किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु व्याख्यानासाठी वर्गात गेलेल्या आणि लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडून विद्यार्थ्यांसमोर उभ्या राहिलेल्या प्राध्यापकाला तो किरकोळ वाटत नाही. भिंतीवर चित्र उमटावे, टिपणे मात्र आपल्याच पडद्यावर राहावीत. तास संपून केबल काढली की सर्व विंडो परत लॅपटॉपवर याव्यात. टेबलावरच्या मोठ्या मॉनिटरला लॅपटॉप जोडला की कालचीच मांडणी आपोआप उभी राहावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. लिनक्सवर ही साधी अपेक्षा पूर्ण होण्यास सुमारे पाव शतकाचा काळ लागला, आणि ती पूर्ण होताना काही गोष्टी गमवाव्याही लागल्या.

प्रस्तुत लेखात या प्रवासाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. त्यासाठी दोन प्रश्न केंद्रस्थानी ठेवले आहेत. पहिला प्रश्न अधिकाराचा : पडद्यांची मांडणी बदलण्याचा हक्क कोणाला असावा? दुसरा प्रश्न स्मृतीचा : ठरलेली मांडणी लक्षात कोणी ठेवावी? या दोन प्रश्नांची उत्तरे काळानुसार बदलत गेली. प्रारंभी अधिकार केवळ प्रशासकाकडे होता. मध्यंतरी तो चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामकडे गेला. आणि अलीकडे तो पुन्हा एका केंद्राकडे परतला आहे. हा इतिहास केवळ तांत्रिक सुधारणांचा नसून अधिकाराच्या या स्थलांतराचा आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

१. एक्स प्रणालीची मूळ रचना

लिनक्सचा जन्म १९९१ मधील. परंतु त्यावरील पडद्याचे व्यवहार दीर्घकाळ ज्या प्रणालीने सांभाळले, ती एक्स विंडो सिस्टिम त्याहून जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९८४ मध्ये रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी तिचा पाया घातला. संस्थेच्या परिसरात विद्यार्थ्यांसाठी संगणकांचे जाळे उभारणारा 'प्रोजेक्ट अथेना' हा उपक्रम १९८३ मध्ये सुरू झाला होता, आणि डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन व आयबीएम या कंपन्यांचे त्यास साहाय्य होते. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकच चित्रमय कार्यपटल चालावे, ही या उपक्रमाची गरज एक्सने भागविली. सप्टेंबर १९८७ मध्ये या प्रणालीची अकरावी आवृत्ती प्रसिद्ध झाली, आणि आज 'एक्स ११' म्हणून ओळखला जाणारा प्रोटोकॉल तोच होय.

एकाहून अधिक पडद्यांचा विचार या प्रोटोकॉलमध्ये प्रारंभापासूनच होता. एक्सच्या परिभाषेत एका सर्व्हरला 'डिस्प्ले' म्हणतात आणि त्या डिस्प्लेखाली क्रमांक दिलेल्या अनेक 'स्क्रीन' असू शकतात. परंतु या स्क्रीन परस्परांपासून पूर्णतः अलग होत्या. प्रत्येक स्क्रीनची स्वतःची मूळ विंडो असे आणि एका स्क्रीनवर निर्माण झालेली विंडो दुसरीवर नेता येत नसे. माउसचा बाण एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाई. मात्र त्याने धरलेली विंडो सीमेवरच अडे. डग्लस ॲडम्स यांच्या विनोदी विज्ञानकथेतील झॅफॉड बीबलब्रॉक्स या दोन डोक्यांच्या पात्रावरून अशा मांडणीला 'झॅफॉड पद्धती' असे गमतीचे नाव पडले. धड एक, डोकी दोन, आणि दोन्ही डोक्यांचा विचार वेगळा, हे वर्णन त्या पद्धतीस चपखल लागू पडते.

पुढील इतिहासाच्या दृष्टीने मूळ रचनेतील आणखी एक वैशिष्ट्य महत्त्वाचे आहे. एखादा प्रोग्राम एक्स सर्व्हरशी प्रथम जोडला जातो, तेव्हा सर्व्हर त्यास स्क्रीन किती आहेत आणि प्रत्येकीची लांबीरुंदी किती आहे, हे कळवितो. ही माहिती जोडणीच्या वेळी एकदाच दिली जाई. पुढे आकार बदलला तर तो कळविण्याची सोय मूळ प्रोटोकॉलमध्ये नव्हती, कारण तो बदलेल अशी कल्पनाच नव्हती. १९८० च्या दशकातील वर्कस्टेशन टेबलावर कायमचे ठेवलेले असे आणि त्याचा जड मॉनिटर सहसा कोणी हलवीत नसे. पडदा ही यंत्राची स्थिर वस्तुस्थिती मानली गेली होती. त्या काळाचे हे गृहीतक प्रोटोकॉलमध्ये गोठले, आणि पुढील दोन दशकांतील बहुतेक अडचणींचे मूळ त्यातच सापडते.

२. झिनेरामा : अनेक पडद्यांचा एक पडदा

अलग स्क्रीन एकत्र सांधण्याचा पहिला मोठा प्रयत्न डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये 'पॅनोरामिक्स' या नावाने झाला. १९९८ मध्ये एक्सच्या ११ व्या आवृत्तीच्या ६.४ या प्रकाशनात तो 'झिनेरामा' या नावाने समाविष्ट झाला. १९५२ मध्ये अवतरलेल्या सिनेरामा या चित्रपटतंत्रात तीन प्रक्षेपकांच्या साहाय्याने एका विस्तीर्ण वक्र पडद्यावर अखंड दृश्य दाखविले जाई. नव्या विस्ताराचे नाव त्याचीच आठवण करून देणारे होते. आता विंडो एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर ओढून नेता येऊ लागली. लिनक्सच्या सर्वसाधारण वापरकर्त्यापर्यंत ही सोय मार्च २००० मध्ये एक्सफ्री८६ प्रकल्पाच्या ४.० या आवृत्तीबरोबर पोहोचली. एक्सफ्री८६ हा वैयक्तिक संगणकांसाठी एक्स सर्व्हर तयार करणारा प्रकल्प १९९२ पासून कार्यरत होता.

तथापि झिनेरामाने अखंडतेसाठी मोठी किंमत मोजली. चित्र काढण्याची प्रत्येक आज्ञा सर्व पडद्यांकडे पाठविली जाई आणि प्रत्येक पडद्यावर सर्व विंडोंची नोंद ठेवावी लागे. सर्व पडद्यांची रंगखोली सारखी असणे आवश्यक होते. त्रिमितीय चित्रांना वेग देणारी यंत्रणा झिनेरामासोबत सामान्यतः बंद पडे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मांडणी सर्व्हर सुरू होतानाच ठरे. चालू सत्रात नवा मॉनिटर जोडणे अथवा जोडलेला काढणे झिनेरामाला ठाऊक नव्हते. पडदे सांधले गेले, पण स्थिरतेचे मूळ गृहीतक अबाधित राहिले.

झिनेरामाचा एक अंश मात्र टिकला. कोणत्या मॉनिटरने विस्तीर्ण पडद्याचा कोणता भाग व्यापला आहे, हे विंडो-व्यवस्थापकाला विचारता यावे यासाठी त्यात एक छोटी प्रश्नोत्तराची सोय होती. पुढील तंत्रांनी आतील यंत्रणा बदलली, तरी जुन्या प्रोग्रामना झिनेरामाच्याच भाषेत उत्तरे देणे चालू ठेवले.

३. संरचना-फाइलीचे राज्य

या कालखंडात मांडणीचा अधिकार आणि स्मृती या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी, म्हणजे संरचना-फाइलीत एकवटल्या होत्या. एक्सफ्री८६ च्या काळात तिचे नाव 'एक्सएफ८६कॉन्फिग' होते. पुढे ती 'एक्सऑर्ग डॉट कॉन्फ' झाली. तिच्यात ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर, स्क्रीन आणि एकूण मांडणी यांसाठी स्वतंत्र विभाग असत. मॉनिटरच्या आडव्या व उभ्या वारंवारतेच्या मर्यादा वापरकर्त्याने मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेतून पाहून हाताने लिहाव्या लागत. चुकीची वारंवारता दिल्यास जुन्या काचनळीच्या मॉनिटरला इजा होऊ शकेल, असा इशारा मार्गदर्शक पुस्तिकांत दिलेला असे. दुसरा पडदा पहिल्याच्या उजवीकडे की डावीकडे, हेही फाइलीतच नमूद करावे लागे.

ही फाइल बदलण्याचा हक्क प्रशासकाला, म्हणजे लिनक्सच्या भाषेत 'रूट' वापरकर्त्याला असे. बदल अमलात येण्यासाठी एक्स सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. आणि सर्व्हर बंद झाला की त्यावरील सर्व प्रोग्राम, उघडी कागदपत्रे आणि अपुरे काम यांच्यासह संपूर्ण सत्र संपे. व्याख्यानाच्या प्रारंभी प्रोजेक्टर जोडणे म्हणजे सामायिक यंत्रावर प्रशासकाला बोलावणे आणि आपले काम बंद करणे, असा याचा व्यावहारिक अर्थ होता.

यातून अनेकांनी आपापल्या वाटा काढल्या. काही जण फाइलीच्या दोन-तीन प्रती, एक घरासाठी, एक कार्यालयासाठी, एक प्रोजेक्टरसाठी, तयार ठेवीत आणि सत्र सुरू करण्यापूर्वी योग्य ती प्रत जागेवर बसवीत. कंट्रोल, ऑल्ट आणि अधिकचे चिन्ह एकत्र दाबून दृश्याचा आकार बदलता येई. परंतु त्यामुळे केवळ दिसणारा भाग लहानमोठा होई, मूळ कार्यपटल तेवढेच राही आणि माउस कडेला नेला की दृश्य सरकत जाई. ग्राफिक्स कार्डांच्या उत्पादकांनीही आपापले मार्ग शोधले. एन्व्हिडिया कंपनीच्या 'ट्विनव्ह्यू' या सोयीत दोन मॉनिटर मिळून एकच मोठा पडदा आहे असे सर्व्हरला भासविले जाई आणि शक्य त्या मांडण्यांची यादी फाइलीत आधीच लिहून ठेवता येई. पुढे चालू सत्रात मांडणी निवडता यावी म्हणून या ड्रायव्हरने एक चमत्कारिक युक्ती योजली. प्रत्येक मांडणीस एकेक काल्पनिक पुनर्लेखन-दर बहाल करून, तो दर जणू त्या मांडणीचा अनुक्रमांकच आहे असे मानले गेले. प्रमाणित भाषेत मांडणी या संकल्पनेसाठी शब्दच नव्हता. म्हणून दुसऱ्या संकल्पनेचा शब्द उसना घ्यावा लागला.

४. रँडआर आणि संस्थात्मक फूट

स्थिर पडद्याच्या गृहीतकाला पहिला धक्का दिला तो हातात मावणाऱ्या संगणकांनी. जिम गेटिस त्या वेळी कॉम्पॅक कंपनीच्या केंब्रिज येथील संशोधन प्रयोगशाळेत होते आणि आयपॅक या हस्तसंगणकावर लिनक्स चालविण्याच्या कार्याशी निगडित होते. हातातील यंत्र उभे धरले की पडदा उभा आणि आडवे धरले की आडवा, ही तेथील नित्याची गरज होती. गेटिस आणि कीथ पॅकर्ड यांनी २००१ मध्ये युजनिक्स संस्थेच्या परिषदेत 'रीसाइझ अँड रोटेट' अर्थात 'रँडआर' या विस्ताराची मांडणी केली. पडद्याचा आकार आणि दिशा ही चालू सत्रात बदलू शकणारी बाब आहे आणि बदल झाल्याचे प्रोग्रामना कळविले पाहिजे, हे तत्त्व त्यात प्रथमच प्रोटोकॉलच्या पातळीवर मान्य झाले. तथापि पहिला रँडआर संपूर्ण स्क्रीनपुरता होता. तिच्यामागे एक मॉनिटर आहे की दोन, हे त्यास कळत नव्हते.

पुढील पाऊल पडण्यास सहा वर्षे लागली. या विलंबाची कारणे केवळ तांत्रिक नव्हती. एक्सफ्री८६ प्रकल्पाच्या कारभाराविषयी विकासकांत असंतोष वाढत होता. मार्च २००३ मध्ये पॅकर्ड यांना प्रकल्पाच्या गाभा-समितीतून वगळण्यात आले. फेब्रुवारी २००४ मध्ये एक्सफ्री८६ ने ४.४ या आवृत्तीसाठी परवान्यात श्रेयनिर्देशाची नवी अट घातली, आणि लिनक्सच्या प्रमुख वितरणांनी ती आवृत्ती स्वीकारण्यास नकार दिला. त्याच वर्षाच्या प्रारंभी एक्स डॉट ऑर्ग फाउंडेशन स्थापन झाले होते. एप्रिल २००४ मध्ये त्याने आपले पहिले प्रकाशन केले आणि वितरणे तिकडे वळली. एक्सफ्री८६ ची शेवटची आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये निघाली. येथे एका गोष्टीची नोंद घेणे आवश्यक आहे. मुक्त परवान्यामुळे पूर्वीचा सर्व संचित कार्यभाग नव्या संस्थेला सोबत नेता आला. संस्था बदलली, वारसा खंडित झाला नाही. पुढील सुधारणा शक्य झाल्या त्या या सातत्यामुळेच.

५. २००७ : आऊटपुट, नियंत्रक आणि रीती

रँडआरची १.२ ही आवृत्ती एप्रिल २००७ मध्ये प्रकाशित झालेल्या एक्स सर्व्हर १.३ सोबत आली. या विषयाच्या इतिहासातील हा निर्णायक टप्पा होय. पॅकर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पडदा या एका संकल्पनेचे तीन घटकांत विघटन केले. पहिला घटक आऊटपुट, म्हणजे केबल जोडण्याची जागा. दुसरा, कार्डातील प्रतिमा-नियंत्रक, जो मोठ्या चित्रफलकाचा एखादा आयत वाचून बाहेर पाठवितो. आणि तिसरा, रीती, म्हणजे आकार व वारंवारता यांची जोडी. चित्रफलक एकच, त्यातील कोणता आयत कोणत्या नियंत्रकाने वाचावा आणि कोणत्या आऊटपुटकडे पाठवावा, एवढे ठरविले की मांडणी पूर्ण होते. दोन नियंत्रकांनी एकच आयत वाचला तर दोन्ही पडद्यांवर सारखे चित्र दिसते. शेजारचे आयत वाचले तर कार्यपटल विस्तारते. प्रोजेक्टरवर प्रतिबिंब दाखविणे आणि कार्यपटल विस्तारणे या दोन भिन्न सोयी नसून एकाच रचनेची दोन रूपे आहेत, हे या विश्लेषणाने स्पष्ट झाले.

या विस्तारासोबतची 'एक्सरँडआर' ही आज्ञा थोड्याच काळात लिनक्स वापरणाऱ्यांच्या अंगवळणी पडली. कोणतेही खास अधिकार न वापरता, सत्र न थांबवता, एका ओळीत पडदा जोडता, फिरविता वा बंद करता येऊ लागला. ज्यांना ओळ लिहिणे अवघड वाटे, त्यांच्यासाठी 'ए-रँडआर' सारख्या साधनांत पडद्यांचे आयत माउसने ओढून मांडता येत.

संक्रमण मात्र एका दिवसात पार पडले नाही. चालू सत्रात मोठ्या चित्रफलकासाठी नव्याने स्मृती घेणे तत्कालीन ड्रायव्हरना जमत नसे. म्हणून कमाल आकार संरचना-फाइलीत आधीच लिहून ठेवावा लागे. इंटेलच्या तेव्हाच्या अनेक चिपांवर त्रिमितीय चित्रांची मर्यादा २०४८ गुणिले २०४८ बिंदू होती; १२८० बिंदू रुंदीचे दोन पडदे शेजारी ठेवले की २५६० बिंदू होत आणि मर्यादा ओलांडली जाई. अशा वेळी पडदे शेजारी न ठेवता एकाखाली एक मांडणे हा उपाय सुचविला जाई. एन्व्हिडियाच्या बंदिस्त ड्रायव्हरने रँडआर १.२ चा स्वीकार केला तो २०१२ मध्ये, ३०२ क्रमांकाच्या मालिकेत. मुक्त ड्रायव्हर वापरणाऱ्यांना मिळालेली प्रमाणित भाषा त्या ड्रायव्हरवर अवलंबून असलेल्यांना पाच वर्षे उशिरा मिळाली.

अधिकाराच्या दृष्टीने पाहता २००७ चा बदल क्रांतिकारक होता. मांडणी प्रशासकाच्या हातून वापरकर्त्याच्या हाती आली. परंतु एक्सच्या रचनेत वापरकर्ता आणि त्याने चालविलेला प्रोग्राम यांत भेद नव्हता. सर्व्हरशी जोडलेला कोणताही प्रोग्राम मांडणी बदलू शकत असे. एखादा खेळ सुरू होताना पडद्याचा आकार लहान करी आणि मध्येच कोसळला तर डेस्कटॉप त्याच लहान आकारात अडकून पडे; दुसऱ्या मॉनिटरवरील विंडो पहिल्यावर येऊन गोळा होत. अधिकार सर्वांचा झाला आणि जबाबदारी कोणाचीच उरली नाही, असे या स्थितीचे वर्णन करता येईल.

६. कर्नलची भूमिका

याच सुमारास अधिकाराचे दुसरे एक स्थलांतर घडत होते. तोवर पडद्याची रीती ठरविण्याचे काम एक्स सर्व्हर थेट यंत्रभागांशी बोलून करी आणि त्यासाठी तो रूटच्या अधिकाराने चालत असे. मजकुरी कन्सोलची सूत्रे मात्र कर्नलकडे असत. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना पडदा काळा होई, लुकलुके, कधी परत येतच नसे. काही लॅपटॉपांत फंक्शन-कळ दाबल्यावर यंत्रातील मूळ आज्ञावलीच परस्पर आऊटपुट बदलून टाकी आणि सर्व्हरला त्याची वार्ताही नसे. एका यंत्राच्या पडद्यावर तीन धनी हक्क सांगत होते.

मार्च २००९ मध्ये प्रकाशित झालेल्या लिनक्स २.६.२९ पासून इंटेलच्या चिपांसाठी रीती ठरविण्याचे काम कर्नलकडे आले. पुढील आवृत्त्यांत रेडिऑन आणि एन्व्हिडियाच्या कार्डांसाठीचा मुक्त ड्रायव्हर नूव्हो यांचा समावेश झाला. केबल जोडल्याची वा काढल्याची वार्ता आता कर्नल देऊ लागला. २०१५ च्या सुमारास 'ॲटॉमिक' पद्धती रूढ होऊ लागली. तिच्यात अनेक पडद्यांची संपूर्ण मांडणी एकत्रितपणे सादर करता येते, आणि प्रत्यक्ष अमलात आणण्यापूर्वी ती यंत्राला झेपेल की नाही याची केवळ चाचणीही घेता येते. एकेक पडदा बदलताना अर्ध्यावर अडकण्याची जुनी आपत्ती त्यामुळे तत्त्वतः टळली.

७. स्मृतीचा प्रश्न

अधिकाराचा प्रश्न सुटत असताना स्मृतीचा प्रश्न अधिक ठळक झाला. एक्सरँडआरने केलेला बदल सत्रापुरताच टिके. फाइलीचे राज्य गेले, आणि तिच्यासोबत तिची स्मरणशक्तीही गेली. मांडणी लक्षात ठेवायची तर समोरचा मॉनिटर कोणता हे प्रथम ओळखले पाहिजे.

ही ओळख देण्याची सोय व्हेसा या प्रमाणीकरण संस्थेने १९९४ मध्येच केली होती. 'ईडीआयडी' नावाचा १२८ बाइटांचा छोटा मजकूर मॉनिटरमध्ये साठविलेला असतो. त्यात उत्पादकाचे तीन अक्षरी चिन्ह, उत्पादनाचा व नगाचा क्रमांक, निर्मितीचे वर्ष आणि चालू शकणाऱ्या रीती यांची नोंद असते. एकेकाळी माहितीपुस्तिकेतून शोधून लिहावे लागणारे आकडे मॉनिटर स्वतःच सांगू लागला. डेस्कटॉप प्रणालींनी याच ओळखीवर आपली स्मृती उभारली. ग्नोमने वापरकर्त्याच्या घर-निर्देशिकेत 'मॉनिटर्स डॉट एक्सएमएल' ही फाइल ठेवली. तिच्यात जोडलेल्या मॉनिटरांचा प्रत्येक संच आणि त्याची मांडणी यांची नोंद होते. तोच संच पुन्हा दिसला की तीच मांडणी लागू होते. केडीईमध्ये हे काम 'केस्क्रीन' या घटकाकडे आले. डेस्कटॉप प्रणाली न वापरणाऱ्यांसाठी 'ऑटोरँडआर' हे साधन निर्माण झाले. ते मॉनिटरांच्या ईडीआयडीवरून नावाजलेली मांडणी ओळखते आणि बदलाच्या आधी वा नंतर वापरकर्त्याने ठरविलेल्या आज्ञाही चालविते. घर, कार्यालय, वर्ग अशा नावांच्या फाइली हाताने बदलणाऱ्या वापरकर्त्याची जुनी रीतच येथे स्वयंचलित झालेली दिसते.

या स्मृतीला मर्यादा आहेत. सर्व मॉनिटर नगाचा क्रमांक सांगतातच असे नाही. एकाच नमुन्याचे दोन मॉनिटर शेजारी असले की कोणता डावा आणि कोणता उजवा, हे ठरविणे अवघड होते. वर्गातील प्रोजेक्टरपर्यंत गेलेली लांब व्हीजीए केबल अथवा मधला विभाजक ईडीआयडीच्या तारा पुढे नेत नसेल, तर प्रोजेक्टर निनावी राहतो आणि १०२४ गुणिले ७६८ सारख्या सर्वसाधारण आकारावर समाधान मानावे लागते. ओळख पटविणाऱ्या यंत्रणेची सर्वाधिक गरज जेथे असते, तेथेच ती बहुधा उणी पडते. स्मृती वापरकर्त्याच्या निर्देशिकेत असल्याने लॉगिनच्या पडद्याला ती ठाऊक नसे. मॉनिटर उभा फिरविलेल्यांना प्रत्येक सकाळी परवलीचा शब्द मान तिरपी करून टंकावा लागे. यंत्राची स्मृती की व्यक्तीची स्मृती, हा प्रश्न येथे पुन्हा उपस्थित होतो.

यंत्राची चूक होऊ शकते, ही जाणीव डेस्कटॉप प्रणालींनी एका साध्या सोयीतून व्यक्त केली. मांडणी बदलल्यावर ती ठेवायची का, असे विचारले जाते आणि काही सेकंदांत उत्तर न आल्यास पूर्वीची मांडणी परत येते. पडदा काळा पडला असेल तर वापरकर्त्याला प्रश्नच दिसणार नाही. त्याचे मौन हाच नकार समजावा, हा यामागील विवेक होय.

८. वेलँड : केंद्राकडे परतणे

२००८ मध्ये क्रिस्टियन ह्योग्सबर्ग यांनी 'वेलँड' या नव्या प्रोटोकॉलचा आरंभ केला. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती निघाली. फेडोरा २५ ने नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्या वर्कस्टेशन आवृत्तीत तो मूलभूत पर्याय म्हणून स्वीकारला. सप्टेंबर २०२५ मधील ग्नोम ४९ मध्ये एक्सचे सत्र मूळ मांडणीतून बंद ठेवण्यात आले, आणि पुढील महिन्यातील उबंटू २५.१० मध्ये ग्नोमचे एक्सवरील सत्र उरले नाही.

वेलँडमध्ये विंडोंची चित्रे एकत्र करून पडद्यावर मांडणारा 'कंपोझिटर' हाच सर्वाधिकारी असतो. सामान्य प्रोग्रामला पडद्यांची माहिती मिळते, परंतु मांडणी बदलता येत नाही. विस्तीर्ण कार्यपटलावर आपली विंडो नेमकी कोठे आहे, हेही त्यास सांगितले जात नाही. कोसळलेल्या खेळाने डेस्कटॉप विस्कटून टाकण्याचा प्रकार यामुळे संपला. प्रत्येक पडद्याला स्वतंत्र प्रमाण देता येते. म्हणून दाट बिंदूंचा लॅपटॉप आणि विरळ बिंदूंचा प्रोजेक्टर यांवर अक्षरे वाचनीय आकारात ठेवणे एकाच चित्रफलकात सर्व कोंबणाऱ्या एक्सपेक्षा सुकर झाले.

परंतु मांडणी बदलण्याची भाषा वेलँडच्या मूळ प्रोटोकॉलमध्ये ठेवली गेली नाही. प्रत्येक कंपोझिटरने ती स्वतःपुरती ठरविली. स्वे आणि त्याच्या कुळातील कंपोझिटर एक सामायिक विस्तार वापरतात. त्यांच्यासाठी 'डब्ल्यूएलआर-रँडआर' ही आज्ञा आणि मांडण्या लक्षात ठेवणारे 'कान्शी' हे साधन आहे. केडीईमध्ये त्याच कामासाठी 'केस्क्रीन-डॉक्टर' ही आज्ञा आहे. ग्नोममध्ये ही सोय स्वतंत्र अंतर्गत संदेशमार्गाने चाले आणि २०२५ मध्ये 'जीडीसीटीएल' ही आज्ञा तीत आली. वेलँडच्या सत्रात जुनी एक्सरँडआर आज्ञा चालविल्यास ती पडद्यांची यादी दाखविते, परंतु खरी मांडणी तिच्याने हलत नाही. २००७ ते २०१६ या काळात एका ओळीत सांगता येणाऱ्या आणि कोणत्याही डेस्कटॉपवर चालणाऱ्या सूचनेला आता डेस्कटॉपनुसार निरनिराळे शब्द लागतात. प्रयोगशाळेतील वीस यंत्रांसाठी एकच सूचनापत्र लिहिणाऱ्या शिक्षकाला किंवा तंत्रसाहाय्यकाला ही हानी प्रत्यक्ष जाणवते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) बहुपडदा-मांडणीतील अडचणींचे मूळ १९८० च्या दशकातील एका गृहीतकात होते. पडदा स्थिर असतो, हे त्या काळी सत्य होते. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांनी ते असत्य ठरविले. तंत्रज्ञानातील गृहीतके ज्या परिस्थितीतून जन्मतात, तिच्यानंतरही दीर्घकाळ जिवंत राहतात.

२) मांडणीच्या अधिकाराचा प्रवास प्रशासकाकडून सर्व प्रोग्रामकडे आणि तेथून कंपोझिटरकडे असा झाला. पहिल्या अवस्थेत सुरक्षितता होती पण सोय नव्हती. दुसऱ्या अवस्थेत सोय होती पण शिस्त नव्हती. तिसऱ्या अवस्थेत सोय आणि शिस्त दोन्ही आहेत, मात्र समान भाषा हरपली आहे.

३) स्मृती फाइलीतून निघून मॉनिटरच्या ओळखीवर आधारलेल्या नोंदींत गेली. या नोंदी मॉनिटरने स्वतःविषयी सांगितलेल्या माहितीइतक्याच विश्वसनीय असतात.

४) २००३-०४ मधील फुटीनंतरही कार्य खंडित झाले नाही, याचे श्रेय मुक्त परवान्यास द्यावे लागते; आणि २००७ नंतरची पाच वर्षे बंदिस्त ड्रायव्हरच्या वापरकर्त्यांना वाट पाहावी लागली, हे त्याच गोष्टीचे दुसरे अंग होय.

रँडआरचे खरे योगदान वेगात किंवा सोयीत नव्हते. आऊटपुट, नियंत्रक आणि रीती हे तीन शब्द त्याने सर्वांना दिले, आणि त्या शब्दांत कोणालाही कोणत्याही यंत्राविषयी बोलता येऊ लागले. वेलँडच्या काळात पडदे पूर्वीपेक्षा अधिक शहाणे झाले आहेत. त्यांच्याशी बोलण्याची एक सामायिक बोली पुन्हा घडविणे हे पुढील पिढीचे काम आहे. ते पूर्ण होईपर्यंत, तासाची घंटा झाल्यावर प्रोजेक्टरची केबल हातात घेतलेल्या प्राध्यापकाला समोरचे यंत्र कोणती भाषा समजते, हे आधी विचारून घ्यावे लागेल.